अवर्षणाच्या मुलखाचें संग्रहालय

पुराणवस्तूंचें संग्रहालय म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें मुंबईची किंवा पुण्याची एखादी भव्य इमारत उभी राहते. तेथें मूर्ति असतात, शस्त्रें असतात, राजेरजवाड्यांचीं चित्रें असतात. आणि सुटीच्या दिवशीं मुलाबाळांसह जाऊन दोन घटका तीं पाहून यावें, हा सुशिक्षित कुटुंबांचा आतां नित्याचा परिपाठ झाला आहे. परंतु संग्रहालयाचा आणखी एक प्रकार आहे, व त्याकडे आपलें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. हा प्रकार म्हणजे लहान गांवचें, त्याच गांवच्या मातींतून निघालेल्या वस्तूंचें, आणि बहुधा एखाद्या नादिष्ट गृहस्थाच्या हौसेवर उभें राहिलेलें संग्रहालय. मोठें संग्रहालय जगांत काय काय झालें तें सांगतें. लहान संग्रहालय 'येथें काय झालें' एवढेंच सांगतें. पण जो माणूस तेथें जन्मला, ज्याचें शेत तेथें आहे, त्याला या 'येथें' शब्दाचें मोल फार आहे.

बारामती व इंदापूर या तालुक्यांतून हिंडतांना आम्हांस प्रश्न पडला तो असा कीं, या मुलखाचें असें एक संग्रहालय उभारावयाचें झालें, तर त्यांत काय ठेवावें? पुणें जिल्ह्याचा हा अगदीं पूर्वेकडील टापू. नकाशावर पाहिलें तर तो नद्यांनीं वेढलेला दिसतो. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, बारामतीच्या अंगावरून कऱ्हा. आणि तरीहि तो पिढ्यान्‌पिढ्या तहानलेला. सह्याद्रीच्या माथ्यावर शंभर इंचांहून अधिक पाऊस ओतून ढग येथवर येतात ते रिकामे होऊन. वर्षाची सरासरी वीस इंचांच्या आंतबाहेर, आणि तीहि भरंवशाची नाहीं. राजपुतान्याच्या अर्थानें हें वाळवंट नव्हे. पण कालव्याच्या वरच्या अंगास असलेल्या माळावर चैत्रांत उभें राहिलें म्हणजे वाळवंट या शब्दाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

अशा कोरड्या मुलखांत लहान संग्रहालय किती मोठें काम करूं शकतें, याचें उत्तम उदाहरण मराठवाड्यांत आहे. धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर म्हणून गांव आहे. गोरोबाकाकांचें गांव म्हणून वारकऱ्यांना तें ठाऊक आहे. पण सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं तें ग्रीक खलाशांनाहि ठाऊक होतें. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या 'तगर' नांवाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. तेथला माल गाड्यांतून भडोच बंदरास जात असे. तें तगर म्हणजे हेंच तेर, असें फ्लीट या पंडितानें विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें. परंतु पंडितांचा निर्णय वेगळा आणि गांवकऱ्यांच्या हातांतील पुरावा वेगळा. तो पुरावा गोळा केला तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं. गांवच्या पांढरींतून निघणारे मणी, नाणीं, दिवे, मातीच्या व केओलिनच्या बाहुल्या ते आयुष्यभर सांठवीत राहिले. त्या संग्रहांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति आहे. तिच्याच जातकुळीची दुसरी मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई शहराच्या राखेखालीं सांपडली. लामतुऱ्यांचा हा संग्रह पुढें सरकारच्या स्वाधीन झाला व त्यांच्याच नांवानें तेरास संग्रहालय उभें राहिलें. आज धूळ उडत असलेल्या या गांवाचा समुद्रापलीकडे व्यापार चालत होता, ही गोष्ट पुस्तकांत वाचणें निराळें, आणि तेथल्याच पांढरींतला दिवा तेथेंच पाहणें निराळें.

मात्र तेरची नक्कल बारामती-इंदापुरास करून चालणार नाहीं. प्रत्येक मुलखाचें संग्रहालय त्या मुलखाच्या स्वभावास धरून असावयास पाहिजे. येथला मनुष्य पाहुण्यास प्रथम जें दाखवितो तें बाबूजी नाइकांचा वाडा व मोरोपंतांचें स्थान. आणि तें योग्यच आहे. पंत जन्मले पन्हाळ्यास, १७२९ सालीं. पण त्यांचें आयुष्य गेलें तें कऱ्हेच्या कांठीं, नाइकांच्या आश्रयानें. एवढें मोठें आर्याभारत लिहिणारा कवि ज्या गांवीं राहिला, त्या गांवानें त्याचा अभिमान कां धरूं नये? आश्रयदाते बाबूजी नाईक हे मोठ्या सावकारी घराण्याचे धनी. त्यांचे बंधु आबाजी नाईक हे पहिल्या बाजीरावाचे मेहुणे. आणि १७४० त बाजीराव वारल्यावर पेशवाईचीं वस्त्रें बाबूजींना मिळावींत म्हणून रघूजी भोसल्यांनीं खटपटहि केली होती. इंदापुरास गेलें तर तेथें मालोजीराजे भोसल्यांचें नांव निघतें. त्यांना तेथेंच लढाईंत मरण आलें अशी परंपरा आहे. सुपें हें शहाजीराजांच्या जहागिरींतील ठिकाण. शिवाजी महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्या हातून महाराजांनीं तें काढून घेतलें, ही हकीकत शाळेंतल्या मुलांसहि पाठ असते.

हीं सर्व नांवें संग्रहालयाच्या पहिल्या दालनांत असावींतच. पण हा इतिहास या मुलखांतून गेलेला आहे, या मुलखांतून उगवलेला नाहीं. मोरोपंत काव्याच्या इतिहासांत आहेत, मालोजीराजे भोसल्यांच्या वंशावळींत आहेत; बारामती-इंदापुरानें आठवण ठेवली नाहीं तरी जग त्यांस विसरणार नाहीं. जी गोष्ट येथल्या लोकांनीं सांभाळली नाहीं तर कोणीच सांभाळणार नाहीं, ती निराळी आहे. ती म्हणजे पाऊस कमी असलेल्या जमिनीवर माणसानें पोट कसें भरलें याची गोष्ट.

ती फार जुनी आहे. जवळच्याच शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० एवढ्या काळांतील शेतकऱ्यांचें गांव तेथें सांपडलें. आणि त्या गांवीं नदीच्या पुराचें पाणी वळविण्यासाठीं घातलेला बांध व खणलेला पाटहि सांपडला. पुढें हवा अधिक कोरडी होत गेली. चौकोनी घरें जाऊन त्यांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या, आणि शेवटीं गांव उठून गेलें. पाट खणणें, अवर्षण येणें, गांव उठणें, हा क्रम या टापूंत तीन हजार वर्षांचा आहे. इतिहासाचा हा धागा हातीं धरला म्हणजे इंदापूर व सुपें या दोन गांवांचें महत्त्व कळूं लागतें.

इंदापूरचें महत्त्व असें कीं, पश्चिम हिंदुस्थानांतील शेतजमिनीची अर्वाचीन मोजणी व जमाबंदी या एका तालुक्यांत घडली. १८१८ त पेशवाई गेल्यावर जमिनीचा सारा किती घ्यावा हा कंपनी सरकारपुढें पहिला प्रश्न होता. प्रिंगल या अधिकाऱ्यानें १८२८ च्या सुमारास पुणें जिल्ह्याची मोजणी हातीं घेतली. विलायतेंत तेव्हां अर्थशास्त्रांतील खंडाचा नवा सिद्धांत मान्यता पावला होता. उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा जातां जें उरतें तें निव्वळ उत्पन्न, आणि त्यांतील ठराविक वांटा सरकारचा. प्रिंगलनें हा वांटा शेंकडा ५५ धरला. कागदावर हिशेब बिनचूक होता. पण धान्याचे भाव उतरले, पाऊस हुकला, मोजणींतल्या हाताखालच्या लोकांनीं लबाड्या केल्या, आणि सारा न देतां आल्यामुळें कुळें शेतें टाकून जाऊं लागलीं. अवर्षणाच्या मुलखांत निव्वळ उत्पन्न म्हणून कांहीं स्थिर वस्तु असते, ही समजूतच खोटी होती.

तेव्हां १८३५ त गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट हे दोघे इंदापुरांत आले. त्यांनीं सिद्धांत बाजूस ठेवला व मातींत हात घातला. जमिनीचा रंग, पोत व खोली पाहून प्रत ठरवावयाची. सर्वांत खोल काळी जमीन ती सोळा आणे, आणि खालीं उतरत उतरत अगदीं उथळ व खडकाळ ती दोन आणे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी धरून न ठेवण्याचा दोष, यांसाठीं त्या त्या मानानें कमी करावयाचें. सारा बसवावयाचा तो माणसावर नव्हे, शेताच्या नंबरावर. आणि तो हलका ठेवून तीस वर्षे बदलावयाचा नाहीं. मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हीच पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालांत नीट बांधली गेली व मुंबई इलाख्यांत, वऱ्हाडांत, म्हैसुरांत पसरली. आपल्या घरीं आजोबांच्या वेळचा सर्व्हे नंबर लिहिलेला उतारा असेल, किंवा आपण गुंठ्याच्या भावानें जागा घेतली असेल, तर ज्या मापानें ती मोजली त्या मापाचा संसार इंदापुरांत सुरू झाला, हें आपल्यापैकीं कितीकांस ठाऊक असतें?

संग्रहालयांत या गोष्टीची जागा मोठी असावी. ठेवावयाच्या वस्तु साध्याच आहेत: शंकुसाखळी, हद्दीचा दगड, गांवचा जुना नकाशा, आणि कांचेच्या नळ्यांत भरलेली या तालुक्यांतील सोळा आणे ते दोन आणे जमिनींची माती. या मातीच्या नळ्यांवर कोणत्या गांवची, कोणत्या शिवारांतली हें लिहिलेलें असलें, तर शाळेंतला मुलगा आपल्या शेताची प्रत शोधून काढील व घरीं जाऊन वडिलांशीं तिजविषयीं वाद घालील. संग्रहालयानें याहून अधिक काय करावयाचें?

आतां सुप्याकडे वळूं. इंदापुराहून सुप्याकडे जाणारी वाट नकाशावर जशी सरळ आहे तशी इतिहासांतहि आहे. नव्या जमाबंदीनें शेतकऱ्यास त्याच्या नंबरावर पक्का हक्क दिला. हक्क पक्का झाला म्हणजे तो गहाण टाकतां येतो. आणि गहाण टाकतां येतो म्हणून सावकार कर्ज देण्यास पुढें येतो. पूर्वीं सावकाराचें लक्ष खळ्यावरच्या धान्यावर असे. आतां तें शेतावरहि पडलें. खताच्या आधारें दिवाणी कोर्टांत हुकूमनामा मिळूं लागला, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानंतर दर तीन वर्षांनीं व्याजासकट नवें खत लिहून घेण्याची वहिवाट पडली. गंमत अशी कीं, कोर्टांच्या जोरावर सावकाराचा हात फार लांब होत आहे, असा इशारा १८५२ सालींच देणारा मनुष्य दुसरा कोणी नसून विंगेटच होता. त्याच्या साखळीनें जें मोजलें, तें कोणाच्या पदरीं पडत आहे हें त्यास दिसूं लागलें होतें.

पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढला, १८६५ नंतर तो कोसळला. तीस वर्षांची मुदत संपून इंदापुरांत १८६६-६७ पासून सारा वाढला, आणि मग शेजारच्या तालुक्यांतूनहि वाढला. शिरूर तालुक्यांत करडें गांवीं १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार पडला. आणि १२ मे १८७५ रोजीं सुप्यास, भरल्या बाजाराच्या दिवशीं, आसपासच्या गांवचे शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कागद. खतें, रोखे, वह्या बाहेर ओढून जाळल्या गेल्या. पुढें ही लाट पुणें व नगर जिल्ह्यांत पसरली. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें दिले तेथें बहुधा त्याच्या अंगास कोणी हात लावला नाहीं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें पकडलीं गेलीं व ५०१ दोषी ठरलीं. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कोर्टानें कर्जाच्या मुळाशीं जाऊन हिशेब पाहावा, हें तत्त्व त्यांत आलें.

बारामतीच्या भूमींत एका सावकारी घराण्याच्या आश्रयानें आर्या लिहिल्या गेल्या, आणि कवीच्या मृत्यूनंतर ८१ वर्षांनीं त्याच भूमींत सावकारांचे कागद जळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, व एक सांगतांना दुसरी लपविण्याचें कारण नाहीं. सर्व सावकार सारखे नव्हते, व त्यांच्यावांचून दुष्काळांत बियाणें कोणी देत नव्हतें, हेंहि विसरतां कामा नये. परंतु इतिहासाचा संग्रह करणाऱ्यास सुप्याची गोष्ट एक अवघड प्रश्न घालते. आपण कागद जपणारे लोक. जुनी वही दिसली कीं आपण ती रुमालांत बांधतों, वाळवीपासून राखतों, आणि कागद जाळणाऱ्यास अडाणी म्हणतों. सुप्याच्या त्या शेतकऱ्यांस कागद म्हणजे गतकाळाचें स्मरण नव्हतें. तो त्यांच्या गळ्यांतला फांस होता, आणि त्यांतील पुष्कळांस तो वाचतांहि येत नव्हता. ज्यावर त्यांचा अंगठा होता पण ज्यांत त्यांचा शब्द नव्हता, असा तो कागद. म्हणून त्यांची बाजू आज आपणांस कळते ती परक्या सरकारच्या कमिशनच्या अहवालावरून. जें सांठवलें गेलें तें एका बाजूचें, आणि जें जळलें तेंहि त्याच बाजूचें. ऋणकोनें आपल्या हातानें लिहिलेलें असें फारच थोडें मागें उरलें. लहान संग्रहालयाचें खरें प्रयोजन येथें दिसतें. ज्यांनीं कागद लिहिले नाहींत त्यांचा इतिहास त्यांच्या अवजारांत, मापांत व भांड्यांत असतो. तिफण व चाडें, मोटेचें कातडें, नाडा, धान्याची पायली व अधोली, यांना दप्तराच्या रुमालाइतकाच मान मिळाला पाहिजे.

सुप्याच्या आगीनंतर थोड्याच काळांत १८७६-७८ चा महादुष्काळ आला, आणि त्याच्याच कामांतून नीरेचा डावा कालवा निघाला. भाटघर येथें वेळवंडी नदीवर धरण झालें. १८८५ च्या सुमारास पाणी वाहूं लागलें, आणि सुमारें शंभर मैलांच्या या कालव्यानें दोन्ही तालुक्यांचे दोन तुकडे केले. कालव्याच्या खालीं ऊंस, वर बाजरी. सासवडकडील माळी बागाईतदार आपलें कसब घेऊन या पाण्यावर आले. गुऱ्हाळें पेटलीं, बारामतीची गुळाची पेठ नांवारूपास आली, १९१४ त दौंडहून बारामतीपर्यंत लहान रूळांची रेल्वे झाली. १९२८ च्या सुमारास भाटघरचें नवें मोठें धरण पुरें झालें, आणि १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना व वालचंदनगर उभें राहिलें. ही हकीकत वैभवाची आहे व ती सांगणारे पुष्कळ आहेत. संग्रहालयानें गुळाची काहील ठेवावीच. पण तिच्या शेजारीं पाटकऱ्याची पाण्याच्या पाळीची वही ठेवावी, आणि १९७२ च्या दुष्काळांत कालव्याच्या वरच्या गांवांतील बायामाणसांनीं ज्यानें खडी फोडली तो हातोडाहि ठेवावा. एकाच तालुक्यांत काहील व हातोडा दोन्ही कसे, हें पाहणाऱ्यानें आपलें आपण समजून घ्यावें.

शेवटची गोष्ट भीमेची. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, आणि इंदापूर तालुक्याचा नदीकांठ पाण्याखालीं गेला. सोलापूर जिल्ह्याची तहान भागावी म्हणून येथल्या गांवांनीं आपलीं घरें, काळ्या जमिनी व देवळें सोडलीं. पळसदेवचें जुनें दगडी देऊळ असेंच बुडालें. देव नव्या गांवठाणांत गेला. देऊळ राहिलें पाण्यांत. मात्र ज्या उन्हाळ्यांत जलाशय फार उतरतो, त्या उन्हाळ्यांत प्रथम शिखर दिसूं लागतें, मग खांब, मग ओटा, आणि आजूबाजूला जुन्या घरांचे चौथरे. तेव्हां दूरदूरच्या गांवचे लोक तें पाहावयास येतात. ज्यांचें बालपण तेथें गेलें ते मुलांना बोट दाखवून सांगतात कीं, येथें आपलें दार होतें. अवर्षण पडल्यावरच दर्शन देणारें हें देऊळ. पाणी आलें म्हणजे भूतकाळ झाकतो व दुष्काळ आला म्हणजे तो उघडा पडतो, ही या मुलखाची स्थिति आहे. आणि म्हणूनच ज्या सालीं पाणी भरपूर आहे त्या सालींहि मुलांना पाहतां येईल अशी जागा हवी.

अशा संग्रहालयास मोठ्या इमारतीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. शाळेची एक खोली आरंभास पुरे. खरी निकड वेळेची आहे. मोटा जाऊन इंजिनें आलीं, इंजिनें जाऊन विजेचे पंप आले; पायली-अधोलीचीं मापें माळ्यावर पडलीं आहेत किंवा भंगारांत गेलीं आहेत; उजनींत बुडालेलें गांव ज्यांनीं कळत्या वयांत पाहिलें, त्यांची पिढी आतां म्हातारी झाली आहे. पुण्यामुंबईस नोकरीनिमित्त राहणाऱ्या ज्या वाचकांचें मूळ घर या दोन तालुक्यांत आहे, त्यांनीं येत्या सुटींत एवढें करावें: माळ्यावरची वस्तु विकण्यापूर्वीं ती कोणाची, कोणत्या शेतांतली, कशाकरितां वापरीत हें घरच्या वडील माणसांस विचारून एका चिठ्ठीवर लिहावें व ती चिठ्ठी वस्तूस बांधून ठेवावी. चिठ्ठी नसलेली पायली म्हणजे नुसतें जुनें लांकूड; चिठ्ठी असलेली पायली म्हणजे एका घराचा दुष्काळांतला हिशेब.

आणि सुप्याच्या नांवानें एक कपाट रिकामें ठेवावें. खालीं एवढेंच लिहावें कीं, येथें १२ मे १८७५ रोजीं जळालेलीं खतें असावयाचीं.